‘इफ’च्या कंसातला एकटा ‘=’

सी भाषेत ‘=’ उजवीकडचे मूल्य डावीकडच्या चलात भरते, तर ‘==’ दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते तपासते. ‘इफ’च्या कंसात दुसऱ्याच्या जागी पहिले पडले, तरी कंपायलर प्रोग्राम नाकारत नाही. सीमध्ये मूल्य भरण्याच्या क्रियेलाही स्वतःची किंमत असते. भरलेले मूल्य हीच ती किंमत. शून्य म्हणजे असत्य, बाकी सारे सत्य.

म्हणून या दोषाचे दोन प्रकार पडतात. उदाहरणार्थ, नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून जोखतात. त्या पातळीवर इशारा देणारा प्रोग्राम कल्पू.

पहिला प्रकार: ‘इफ (पूर = १) भोंगा वाजवा’. अट नेहमीच सत्य ठरते. भर उन्हाळ्यातही भोंगा वाजतो आणि मोजलेले मूल्य पुसले जाते. हा दोष पहिल्याच चाचणीत उघडा पडतो.

दुसरा प्रकार: पूर आल्यावरच चालणाऱ्या भागात ‘इफ (भोंगा = ०) भोंगा सुरू करा’. अट कधीच सत्य होत नाही. कोरड्या दिवसांतल्या चाचणीत शांतता अपेक्षितच असते, त्यामुळे दोष लपतो आणि ऐन पुरात भोंगा गप्प राहतो. हा प्रकार अधिक घातक.

नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी याच प्रकारची ओळ घुसवली होती. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असे विचारल्यासारखी ती दिसे. प्रत्यक्षात ती क्रमांक शून्य करून सर्वाधिकार देई. मूळ भांडारात त्या बदलाची नोंद नसल्याने ती वेळीच पकडली गेली.

दोषाचे मूळ भाषेच्या रचनेत आहे. अल्गोल ६०मध्ये मूल्य भरण्यासाठी ‘:=’ होते. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत त्याची जागा ‘=’ने घेतली आणि तोच वारसा सीकडे आला. पुढच्या भाषांनी वाट बदलली. जावा अटीत फक्त बुलियन, म्हणजे सत्य-असत्य, मूल्य स्वीकारते. चलच बुलियन असेल तर मात्र चूक निसटते. पायथॉन अटीतला ‘=’ सरळ नाकारते; २०१९च्या ३.८ आवृत्तीने तेथे मूल्य भरण्यासाठी वेगळे ‘:=’ दिले.

सी शिकवताना ‘दोन वेळा बरोबर लिहा’ एवढे बजावणे पुरत नाही. ‘=’लाही किंमत असते हे आधी शिकवावे. जीसीसी कंपायलरचा ‘-वॉल’ हा अशा चुकांवर इशारा देणारा पर्याय पहिल्या प्रात्यक्षिकापासून चालू ठेवावा. मात्र जादा कंस घातला की त्याचा इशारा थांबतो. म्हणून प्रत्येक अट सत्य आणि असत्य अशा दोन्ही बाजूंनी चालवून पाहणे हाच पक्का उपाय.