१२३४५६७८९८७६५४३२१ : डोंबिवलीच्या नावाची संख्या आणि एक्सेलची गोची

फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये नऊ वेळा १ टाका आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ यायला हवं. काही अ‍ॅप ते पूर्ण दाखवतात, काही १.२३E१६ असं काहीतरी दाखवून मोकळे होतात.

हाच गुणाकार कागदावर मांडा. एकेक घर सरकलेल्या एकांच्या नऊ ओळी येतात. उभ्या बेरजा कडेला १, मग २, ३ करत मधल्या रकान्यात ९ होतात आणि तशाच उतरतात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून संख्या उलटसुलट सारखीच वाचता येते. दहा एकांचा वर्ग केलात तर मध्ये १० येतात, हातचा आला आणि नक्षी मोडली: १२३४५६७९००९८७६५४३२१. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने पूर्ण भागही जातो. मूळ अवयव फक्त तीन: ३, ३७ आणि ३३३६६७.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दिलं द. रा. काप्रेकरांनी. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे, ६१७४ वाले तेच. डेमलो म्हणजे जीआयपी रेल्वेवरचं आजचं डोंबिवली; ही कल्पना त्यांना तिथे सुचली. मी रोज मुलुंड-घाटकोपर करतो ती लाइन तीच, फक्त आताच्या गर्दीत हातचा धरायलाही हात मोकळा नसतो!

आता मुद्द्याची गोष्ट. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला हाच गुणाकार सांगितला तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गायब. कारण तिथे साधी संख्या ६४ बिटांत ठेवतात आणि अंकांच्या वाट्याला ५३ बिटांचीच अचूकता येते. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्यापुढे आधी फक्त सम संख्या बसतात, आणि आपली तर विषम. ट्विटरलाही याचमुळे प्रत्येक ट्विटचा क्रमांक आकड्यासोबत मजकूर म्हणूनही द्यावा लागला.

एक्सेल आणखी कंजूष. ते १५ च अंक धरतं, पुढे शून्य: १२३४५६७८९८७६५४३००. इथे गंमत संपते, कारण काही बँकांचे खाते क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठे असतात. कॉलेजच्या फेस्टचा हिशोब असो की ऑफिसची पगाराची शीट, असा क्रमांक साधा टाइप केला की शेवटचे अंक शून्य होतात आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. आधार क्रमांक १२ अंकी, त्यामुळे त्याला हा धोका नाही.

उपाय सोपा आहे. टाइप करण्याआधी सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा किंवा आकड्याआधी अपॉस्ट्रॉफी (') द्या. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. पासबुक काढून क्रमांक पुन्हा टाइप करावा लागतो.