कॅमेऱ्याचा भरंवसा

‘विश्वास पानिपतांत गेला,’ असें आपल्याकडे थट्टेनें म्हणण्याची चाल आहे. माणसांच्या बाबतींत ही थट्टा किती खरी, याचा निवाडा ज्यानें त्यानें करावा. परंतु यंत्रांच्या बाबतींत विश्वासाचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. घड्याळ मागें पडलें तर तें दुसऱ्या घड्याळावरून लावून घेतां येतें. शिवणयंत्राचा दोरा तुटला तर पुन्हां ओवतां येतो. कॅमेऱ्याचें तसें नाहीं. ज्या क्षणाचें छायाचित्र घ्यावयाचें तो क्षण एकदांच येतो. आणि फिल्मच्या कॅमेऱ्यानें त्या क्षणीं दगा दिला असेल, तर तें कळतें फिल्म धुऊन झाल्यावर. तोंपर्यंत लग्नाचे पाहुणे आपापल्या गांवीं परतलेले असतात, आणि आजीबाईंचा तो हंसरा चेहरा पुन्हां तसाच मिळेल याची शाश्वति नसते. म्हणून उजेडाचें मोजमाप स्वतः करणारा कॅमेरा निघाला तेव्हांपासून त्याच्या चतुराईइतकाच त्याच्या भरंवशाचाहि विचार लोक करीत आले आहेत. त्या विचाराचा इतिहास बोधप्रद आहे.

फिल्मवर किती प्रकाश पडावा हें दोन गोष्टींनीं ठरतें : भिंगाचें छिद्र किती उघडें आहे ही एक, आणि शटर किती वेळ उघडें राहतें ही दुसरी. अंतर नेमकें साधणें हें आणखी एक काम. त्यासाठीं ज्या कॅमेऱ्यांत ‘रेंजफाइंडर’ नांवाची योजना असते, त्यांत पाहण्याच्या खिडकींत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचें कडें फिरवून त्या एकावर एक आणल्या कीं अंतर साधलें असें समजावें. जर्मनींतील वेट्झलार येथील लायट्स कारखान्यांतून ऑस्कर बार्नाक यांच्या कल्पनेचा लायका कॅमेरा १९२५ सालीं बाहेर पडला, आणि १९३२ सालीं त्याला भिंगाशीं जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. उजेडाचा अंदाज मात्र अद्याप माणसानेंच करावयाचा होता. अनुभवी छायाचित्रकार आकाशाकडे पाहून आंकडा ठरवीत, आणि तो बहुधा बरोबर येई.

हा अंदाज यंत्राकडे सोंपविण्याची सोय विज्ञानानें अगोदरच करून ठेवली होती. सेलेनियम या मूलद्रव्यावर उजेड पडला असतां त्यांतून वीज अधिक सुलभपणें वाहते, असें विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्यास १८७३ सालीं आढळून आलें. आणि उजेडामुळें सेलेनियममध्यें वीज उत्पन्नहि होते, हें अॅडम्स आणि डे या दोघांनीं १८७६ सालीं दाखविलें. याच गुणावर आधारलेले, हातांत धरून उजेड मोजण्याचे प्रकाशमापक १९३० नंतर बाजारांत आले. त्या मापकाची सुई भिंगाच्या छिद्रालाच जोडली तर काय होईल, हा विचार ज्यांना सुचला त्यांत आल्बर्ट आइन्स्टाइन यांचेंहि नांव आहे. त्यांनीं आणि त्यांचे मित्र डॉक्टर गुस्ताव बकी यांनीं प्रकाश आपोआप जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचें पेटंट १९३६ सालीं अमेरिकेंत मिळविलें. सापेक्षतावादाचा जनक कॅमेऱ्याच्या छिद्राचाहि विचार करीत होता, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

प्रत्यक्ष विक्रीस आलेला असा पहिला कॅमेरा म्हणजे अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचा १९३८ सालचा ‘सुपर कोडॅक सिक्स-२०’. घडी घालून मिटतां येणाऱ्या या कॅमेऱ्यांत रेंजफाइंडरहि होता. सेलेनियमची वीज सुईला हलवी, कळ दाबतांच सुई आहे त्या जागीं चिमटली जाई, आणि तिच्या जागेवरून भिंगाचें छिद्र ठरे. किंमत होती २२५ डॉलर. कल्पना उत्तम होती. परंतु तिच्याभोंवतीं जमविलेली तरफा आणि स्प्रिंगा यांची गुंतागुंत, विशेषतः शटर, वारंवार अडून बसे. असे एक हजार कॅमेरेहि तयार झाले नाहींत. पहिला धडा तेथेंच मिळाला. नवी युक्ति खरी असली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. तिला जुन्या यंत्राशीं जोडणारी सांखळीहि तितकीच पक्की असावी लागते.

दुसरें महायुद्ध संपल्यावर हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला गेला, आणि या वेळीं त्याचें सर्वांत लोकप्रिय उत्तर जपानमधून आलें. कॅनन कंपनीनें जानेवारी १९६१ मध्यें ‘कॅनोनेट’ हा रेंजफाइंडर कॅमेरा १८,८०० येन किंमतीस विकावयास काढला, तेव्हां आठवड्याभराचा माल दोन तासांत संपला, असें त्या कंपनीच्या इतिहासांत नमूद आहे. भिंगाभोंवतीं कंकणासारखें सेलेनियमचें वलय होतें. शटरचा वेग माणसानें ठरवावयाचा आणि छिद्र कॅमेऱ्यानें, अशी कामांची वांटणी होती. बॅटरी मुळींच लागत नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, उजेड यंत्राच्या आवांक्याबाहेर असला तर कळ दाबूनहि शटर उघडत नसे. वरवर पाहतां हा हट्टच. परंतु जमत नाहीं तेथें ‘नाहीं’ म्हणणारा नोकर, होकार देऊन काम बिघडविणाऱ्या नोकरापेक्षां केव्हांहि बरा.

सेलेनियमचा दोष निराळाच होता. मंद उजेडांत तें आंधळें होई, आणि वर्षानुवर्षें ओल व ऊन लागून त्याची शक्ति हळूहळू क्षीण होई. अशा कॅमेऱ्याला भर दुपारहि सायंकाळ वाटे. सुई हालत राही, पण खोटें सांगे. मोडलेलें यंत्र ओळखतां येतें. थोडेंसेंच खोटें सांगणारें यंत्र ओळखणें फार कठीण.

म्हणून सेलेनियमच्या जागीं कॅडमियम सल्फाइडचा अधिक तीक्ष्ण डोळा आला. तो स्वतः वीज निर्माण करीत नाहीं. त्याला बॅटरी लागते. येथून कॅमेऱ्याचा भरंवसा एका चिमुकल्या डबीवर अवलंबून राहूं लागला. १९६६ सालीं याशिका कंपनीचा ‘इलेक्ट्रो ३५’ निघाला. त्यांत छिद्र माणूस निवडी, आणि शटर किती वेळ उघडें ठेवावयाचें तें विजेचें मंडल ठरवी; तें प्रसंगीं तीस सेकंदांपर्यंतहि उघडें राही. दिव्याच्या उजेडांत बसलेल्या कुटुंबाचें चित्र घरच्या घरीं काढतां येऊं लागलें. बॅटरी संपली म्हणजे मात्र शटर एकाच वेगानें, सेकंदाच्या पांचशेव्या भागानें, चाले. अर्थात् उन्हांत काम भागे, सांवलींत नाहीं. या कॅमेऱ्याचा सर्वांत प्रसिद्ध झालेला दोष विजेच्या मंडलांत नव्हताच. आंतील यंत्रणेंत एक लहानसा मऊ तुकडा असे. तो कालांतरानें विरून गेला कीं शटरला मिळणारा इशारा चुके. १९३८ सालच्या सांखळीची ही पुनरावृत्तीच होय.

याच पिढीवर दुसरें संकट बाहेरून आलें. तींतील पुष्कळ कॅमेऱ्यांसाठीं पाऱ्याची बॅटरी योजिलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सॅम्युएल रूबेन या अमेरिकन संशोधकानें ती पुढें आणली. तिचा गुण असा कीं, संपत येईपर्यंत ती आपला १.३५ व्होल्टचा दाब जवळजवळ ढळूं देत नसे, आणि प्रकाशमापकाला नेमकें तेंच हवें असे. पण पारा हें विष. जपानमधील मिनामाता येथें पाऱ्यानें दूषित झालेले मासे खाऊन माणसें पंगु होत आहेत, हें १९५६ पासून उघडकीस येऊं लागलें. अमेरिकेनें १९९६ सालीं कायदा करून अशा बॅटऱ्यांची विक्री बंद केली, आणि पाऱ्याच्या वापरावर बंधनें घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं मिनामाता याच नांवानें झाला. हें सर्व योग्यच झालें. परंतु त्यामुळें धडधाकट कॅमेरे अन्नावांचून राहिले. त्यांत १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातली तर कित्येकांचें मोजमाप चुकतें. यंत्र जसेंच्या तसें असूनहि त्याचा भरंवसा जाऊं शकतो, कारण तो केवळ यंत्रांत नसतो. तो बाजारांतहि असतो.

आधुनिक म्हणावे असे कॅमेरे १९८० पासूनचे. त्या वर्षीं मिनोल्टा कंपनीनें ‘सीएलई’ काढला. लायकाचीं भिंगें ज्याला बसतात आणि त्या भिंगांतून आलेला उजेड मोजून जो शटरचा वेग स्वतः ठरवितो, असा तो पहिला कॅमेरा. त्यामागून १९९४ सालीं क्योसेरा कंपनीचा कॉन्टॅक्स जी-१, १९९५ सालीं मामिया ७, १९९९ सालीं कोनिकाचा हेक्सार आरएफ, २००२ सालीं लायका एम-७, आणि लवकरच जपानमधील कोसिना कारखान्याचे फोग्टलेंडर बेसा आणि त्साइस इकॉन अशी मालिकाच लागली.

वीज म्हटली कीं ती ऐन वेळीं जाणारच, ही धास्ती या कॅमेऱ्यांनीं पुष्कळशी खोटी ठरविली. स्प्रिंगवर चालणाऱ्या शटरचें तेल काळानें घट्ट होतें आणि त्याचा वेग मंदावतो. विजेनें मोजलेली वेळ तशी सरकत नाहीं. मात्र दोष उत्पन्न झाला कीं दोहोंतील अंतर दिसतें. स्प्रिंग सुस्त झाली तर चित्र जरा बिघडतें. विजेचें मंडल निकामी झालें तर बहुधा चित्रच निघत नाहीं. बॅटरी संपली तर सीएलई आणि त्साइस इकॉन थांबतात. लायका एम-७ सेकंदाचा साठावा आणि एकशेंपंचविसावा भाग हे दोन वेग तरी हातीं ठेवतो. शिवाय जुन्या शटरचें दांतेरी चाक कुशल कारागीर नवें घडवूं शकतो. खास बनविलेली चिप त्याला घडवितां येत नाहीं. क्योसेरानें २००५ सालीं आणि कोनिका मिनोल्टानें २००६ सालीं कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडण्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून त्यांचे चांगले चालणारे कॅमेरेहि निराधार झाले आहेत. आज असा कॅमेरा दुरुस्त करावयाचा तर दुसऱ्या मृत कॅमेऱ्याचे अवयव काढावे लागतात.

लायकाची पुढील हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. स्वयंचलित एम-७ चें उत्पादन २०१८ सालीं थांबलें. परंतु २००३ सालीं निघालेला एमपी आणि २०१४ सालीं निघालेला, प्रकाशमापकहि नसलेला एम-ए, हे स्प्रिंगवर चालणारे कॅमेरे त्यानंतरहि तयार होत राहिले. आणि १९८४ सालचा एम-६ कंपनीनें २०२२ सालीं पुन्हां बाजारांत आणला. एम-६ उजेड मोजून दाखवितो, पण निर्णय माणसावर सोडतो.

यावरून स्वयंचलित कॅमेरा वाईट, असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल. धांवत्या मुलाचें चित्र घेतांना आंकडे जुळवीत बसणारा मनुष्य बहुधा मूल निघून गेल्यावर तयार होतो. तेथें यंत्रच खरें. पण निर्दोष यंत्रहि आपल्या नियमाबाहेर पाहत नाहीं. समोरचें दृश्य मध्यम करड्या रंगाचें आहे असें तें धरून चालतें; म्हणून बर्फ त्याला मळकट करावासा वाटतो आणि काळी घोंगडी धुरकट. तें आज्ञाधारक आहे, जाणतें नाहीं.

तेव्हां न बिघडणारें तें विश्वासू, ही व्याख्या अपुरी होय. जमत नसेल तेथें तें तसें सांगतें काय, बिघडल्यावर आपल्या हातीं कांहीं उरतें काय, आणि त्याला दुरुस्त करणारा कोणी शिल्लक आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत कॅमेऱ्याचा खरा भरंवसा आहे. जुना स्वयंचलित कॅमेरा घरांत असेल तर तो वेळोवेळीं चालवून पहावा, बॅटरी आंत ठेवून विसरूं नये, आणि महत्त्वाच्या प्रसंगापूर्वीं एक फिल्म धुऊन खात्री करून घ्यावी. आणि एक जुना नियम मुलांनाहि शिकवून ठेवावा : स्वच्छ उन्हांत भिंगाचें छिद्र सोळाच्या अंकावर ठेवावें, आणि फिल्मच्या डबीवर वेगाचा जो अंक असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतका वेळ शटर उघडें ठेवावें. या नियमाला बॅटरी लागत नाहीं, आणि त्याचे सुटे भाग कधीं दुर्मिळ होत नाहींत.