फोल्डर पुनर्निर्देशनातील परवानगीविषयक दोषांचे निवारण

फोल्डर पुनर्निर्देशन किंवा फोल्डर रिडायरेक्शन ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संगणकप्रणालीतील एक सुविधा होय. या सुविधेमुळे वापरकर्त्याचे ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’ यांसारखे वैयक्तिक फोल्डर त्याच्या संगणकावर न राहता नेटवर्कवरील सर्व्हरवर साठवले जातात. वापरकर्त्याला मात्र ते नेहमीच्याच जागी दिसतात. या व्यवस्थेतील अनेक तक्रारींचे मूळ फाईलच्या परवानग्यांत असते. असा दोष दूर करताना दोन उद्दिष्टे साधावी लागतात: वापरकर्त्याला त्याचे काम परत मिळाले पाहिजे आणि त्याची खाजगी कागदपत्रे इतरांसाठी उघडी पडता कामा नयेत. घाईने केलेल्या उपायात पहिले उद्दिष्ट साधते, पण दुसरे हातचे जाते.

पार्श्वभूमी

ही सुविधा विंडोज २००० पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी यांच्यासोबत उपलब्ध झाली. आरंभी मोजकेच फोल्डर पुनर्निर्देशित करता येत असत. विंडोज व्हिस्टापासून ही संख्या १३ झाली व त्यांत ‘डाउनलोड्स’, ‘पिक्चर्स’, ‘फेव्हरिट्स’ इत्यादींचा समावेश झाला. एकाच व्यक्तीला निरनिराळ्या संगणकांवर बसून काम करावे लागते अशा कार्यालयांत व संगणक प्रयोगशाळांत ही सुविधा उपयुक्त ठरते. सर्व कागदपत्रे एका ठिकाणी असल्याने त्यांची राखीव प्रत घेणेही सोपे जाते.

परवानग्यांची रचना

सर्व्हरवरील फाईलपर्यंत पोहोचण्यासाठी वापरकर्त्याला दोन स्वतंत्र तपासण्या पार कराव्या लागतात.

१. सामायिकीकरणाची परवानगी : ही सामायिक केलेल्या संपूर्ण फोल्डरला लागू असते आणि फाईल नेटवर्कवरून उघडली तरच तपासली जाते.

२. एनटीएफएस परवानगी : ही प्रत्येक फोल्डरच्या व फाईलच्या प्रवेश-नियंत्रण यादीत नोंदलेली असते आणि फाईल कोठूनही उघडली तरी लागू होते.

या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल, तीच नेटवर्कवरून प्रत्यक्षात लागू होते. शाळेच्या फाटकातून आत सोडले, तरी वर्गखोलीला कुलूप असल्यास विद्यार्थ्याला बाहेरच उभे राहावे लागते. फाटकच बंद असल्यास उघड्या वर्गाचाही उपयोग नसतो. म्हणून प्रशासकाने सर्व्हरवर बसून फाईल उघडून पाहिली व ती उघडली, एवढ्यावरून दोष नाही असे सिद्ध होत नाही. त्या वेळी पहिली तपासणी झालेलीच नसते.

याखेरीज प्रत्येक फाईलला एक मालक असतो. प्रवेश-नियंत्रण यादीत मालकाचे नाव नसले, तरी ती यादी बदलण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे त्याच्याकडे असतो. पुनर्निर्देशनात मालकीला विशेष महत्त्व आहे. धोरणातील ‘वापरकर्त्याला अनन्य अधिकार द्या’ हा पर्याय मूळ मांडणीत चालू असतो. तो चालू असताना नव्याने तयार होणारा फोल्डर केवळ संबंधित वापरकर्ता आणि ‘सिस्टम’ खाते यांनाच खुला असतो. फोल्डर आधीपासून अस्तित्वात असल्यास त्याचा मालक तोच वापरकर्ता आहे की नाही हे तपासले जाते. नसल्यास पुनर्निर्देशन नाकारले जाते.

मूळ फोल्डरची योग्य मांडणी

सर्व वापरकर्त्यांचे फोल्डर ज्या मूळ फोल्डरात राहतात, त्यावर पुढील परवानग्या ठेवण्याची पद्धत आहे.

• ‘सिस्टम’ आणि प्रशासकांचा गट : मूळ फोल्डर, उपफोल्डर व फाईल यांवर पूर्ण नियंत्रण.
• ‘क्रिएटर ओनर’ : केवळ उपफोल्डर व फाईल यांवर पूर्ण नियंत्रण.
• वापरकर्त्यांचा गट : केवळ मूळ फोल्डरापुरती यादी वाचण्याची व नवा फोल्डर तयार करण्याची परवानगी.

तिसऱ्या नोंदीतील ‘केवळ याच फोल्डरापुरती’ ही मर्यादा महत्त्वाची आहे. ती राहून गेल्यास वाचनाची परवानगी वारशाने खाली उतरते आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याला दिसू लागतात. अशा वेळी कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. त्यामुळे हा दोष दीर्घकाळ लक्षात न येण्याचा संभव असतो.

दोषांची सामान्य कारणे

मालकीतील विसंगती. प्रशासकाने वापरकर्त्यांचे फोल्डर आधीच हाताने तयार करून ठेवले, की मालक म्हणून प्रशासक किंवा प्रशासकांचा गट नोंदला जातो. लॉगिनच्या वेळी पुनर्निर्देशन अयशस्वी होते व ॲप्लिकेशन नोंदवहीत ५०२ क्रमांकाची घटना नोंदली जाते.

फाईल हलवणे. एनटीएफएसवर फाईलची नक्कल केल्यास नव्या जागेच्या परवानग्या तिला वारशाने मिळतात. मात्र त्याच विभागात फाईल हलवल्यास तिच्या जुन्या परवानग्या तिच्यासोबत जाऊ शकतात. परिणामी एकाच फोल्डरातील काही फाईल उघडतात, काही उघडत नाहीत.

खाते पुन्हा तयार करणे. विंडोज वापरकर्त्याला नावाने नव्हे, तर सुरक्षा-ओळखक्रमांकाने ओळखते. खाते काढून त्याच नावाने नवे तयार केले, तर नव्या खात्याचा ओळखक्रमांक वेगळा असतो. यादीत नावाऐवजी नुसता लांबलचक क्रमांक दिसणे, हे जुने खाते अस्तित्वात नसल्याचे लक्षण असू शकते.

गटातील सदस्यत्व. वापरकर्त्याला नव्या गटात घेतल्यावर त्याचा परिणाम पुढील लॉगिनपासून होतो. तोवर परवानगी कागदोपत्री असूनही प्रवेश नाकारला जातो.

नकाराची नोंद. थेट दिलेला नकार थेट दिलेल्या परवानगीवर मात करतो. मात्र थेट दिलेली परवानगी ही वारशाने आलेल्या नकारावर मात करते. हा क्रम ध्यानात न घेतल्यास यादी वाचूनही निष्कर्ष चुकतो.

धोरणच न पोहोचणे. जून २०१६ मधील एमएस१६-०७२ या सुरक्षा-अद्यतनानंतर वापरकर्त्यासाठीची धोरणेही संगणकाच्या खात्याद्वारे वाचली जाऊ लागली. त्यामुळे ज्या धोरणांवर केवळ वापरकर्त्यांच्या गटाला वाचनाचा अधिकार होता, ती लागू होईनाशी झाली. येथे परवानगीचा दोष फोल्डरावर नसून धोरणावर असतो. संगणकांच्या गटाला किंवा ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ या गटाला धोरण वाचण्याची परवानगी देणे हा त्यावरील उपाय आहे.

निदानाचा क्रम

१. दोषाची व्याप्ती ठरवावी. सर्वांनाच अडचण असेल तर सामायिकीकरण, मूळ फोल्डर किंवा धोरण तपासावे. एकालाच असेल तर त्याचा फोल्डर व मालकी पाहावी. एखाद्याच फाईलपुरती असेल तर त्या फाईलची यादी पाहावी.

२. वापरकर्त्याच्या संगणकावर ‘जीपीरिझल्ट’ आज्ञा चालवून धोरण लागू झाले आहे काय ते पाहावे; त्यानंतर घटनांची नोंदवही वाचावी.

३. ‘हूॲमआय’ आज्ञेच्या गट-पर्यायाने वापरकर्त्याचे चालू सदस्यत्व तपासावे.

४. सर्व्हरवर प्रथम सामायिकीकरणाची परवानगी, मग ‘आयकॅकल्स’ आज्ञेने एनटीएफएस परवानग्या व शेवटी मालकी पाहावी. फोल्डरच्या प्रगत सुरक्षा-खिडकीतील ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या भागात विशिष्ट वापरकर्त्याला मिळणारे अधिकार पाहता येतात.

५. ऑफलाइन फाइल्स ही सुविधा चालू असल्यास वापरकर्ता सर्व्हरवरील फाईल उघडतो आहे की संगणकावरील स्थानिक प्रत, याची खात्री करावी. सर्व्हरवरील परवानगी दुरुस्त केल्यावरही समक्रमण पूर्ण होईपर्यंत जुना दोष दिसत राहू शकतो.

दुरुस्ती

कोणताही बदल करण्यापूर्वी ‘आयकॅकल्स’च्या ‘सेव्ह’ पर्यायाने विद्यमान परवानग्या एका फाईलमध्ये जतन कराव्यात. त्या ‘रिस्टोअर’ पर्यायाने परत आणता येतात. मालकीची नोंद मात्र या फाईलमध्ये येत नाही, म्हणून ती वेगळी टिपून ठेवावी. एका वापरकर्त्याच्या फोल्डरासाठी दुरुस्तीचा क्रम असा असतो : प्रथम मालकी वापरकर्त्याकडे द्यावी, मग त्याला फोल्डर, उपफोल्डर व फाईल यांवर पूर्ण नियंत्रण द्यावे, निरुपयोगी ओळखक्रमांक काढून टाकावेत आणि शेवटी वापरकर्त्याने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे.

प्रशासकालाही प्रवेश नसेल, तर ‘टेकओन’ आज्ञेने मालकी घेता येते. तथापि काम झाल्यावर ती वापरकर्त्याकडे परत देणे आवश्यक असते. अन्यथा मालकीच्या तपासणीमुळे पुढील लॉगिनच्या वेळी नवा दोष उद्भवू शकतो. निव्वळ राखीव प्रत किंवा स्थलांतर हा हेतू असल्यास मालकी घेण्याची गरज नसते. ‘रोबोकॉपी’ आज्ञेच्या बॅकअप-पद्धतीत प्रशासकाचा राखीव प्रतीसाठीचा विशेषाधिकार वापरला जातो आणि योग्य पर्याय दिल्यास परवानग्या व मालकीही सोबत नेता येतात.

टाळावयाचे उपाय

‘एव्हरीवन’ या गटाला एनटीएफएसवर पूर्ण नियंत्रण दिल्यास तक्रार तत्काळ थांबते. परंतु वेतनपत्रके, गुणपत्रिका, वैद्यकीय कागदपत्रे अशा फाईलही त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला वाचता, बदलता व पुसता येतात. पुढे ही परवानगी मागे घेतली, तरी दरम्यान कोणी काय पाहिले हे आधीपासून लेखापरीक्षण चालू नसल्यास कळणे कठीण असते. तसेच मूळ फोल्डरावरून ‘सर्व उपघटकांच्या परवानग्या बदला’ हा पर्याय वापरल्यास प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र नोंद एकदम पुसली जाऊ शकते. एका व्यक्तीचा दोष दूर करताना तो सर्वांना लागण्याचा धोका त्यात असतो.

परवानगीसारखे भासणारे दोष

प्रत्येक नकार परवानगीमुळेच येतो असे नाही. पुनर्निर्देशनामुळे फाईलचा संपूर्ण मार्ग लांबतो आणि २६० अक्षरांची जुनी मर्यादा पाळणाऱ्या प्रणालींना ती फाईल उघडता येत नाही. दुसऱ्या संगणकावर उघडी असलेली फाईल, भरलेली डिस्क किंवा ठरवून दिलेली साठवणमर्यादा यांमुळेही जतन करणे अयशस्वी होते. प्रशासकाने मूळ फोल्डर उघडल्यावर वापरकर्त्यांच्या नावांऐवजी सर्वत्र ‘डॉक्युमेंट्स’ हेच नाव दिसणे, हाही दोष नव्हे. प्रत्येक फोल्डरातील ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ ही लपलेली फाईल वाचली गेल्याने तसे नाव दिसते. प्रत्यक्षात फोल्डरांची नावे बदललेली नसतात आणि आज्ञापटलावर यादी घेतल्यास ती जशीच्या तशी आढळतात.