मोरीखालचे कपाट

दादरा व नगरहवेली हे नाव उच्चारले की आम्हां वकीलमंडळींस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा वाटहक्काचा निवाडा आठवतो, आणि इतरांस २ ऑगस्ट १९५४ चा सिल्व्हासाचा मुक्तिदिन. आज आम्ही या प्रदेशाचा त्याहून साधा, घरगुती इतिहास सांगणार आहोत. त्यास निमित्त झाले आमचेच स्वयंपाकघर.

सिल्व्हासातील आमच्या घरी मोठ्या हौसेने नव्या धर्तीची कपाटे करवून घेतली होती. बाहेरून चकचकीत सनमायका. आत मात्र लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या. येथे वर्षास सुमारे २०० सेंटिमीटर पाऊस पडतो. पहिल्याच पावसाळ्यात मोरीखालचे कपाट तळाशी फुगले व बिजागऱ्या सुटल्या. कारागिरास जाब विचारावा म्हणून करारपत्र काढले, तो त्यात सामानाविषयी ‘उत्तम प्रतीचे’ एवढेच शब्द! लोकांचे दस्त अक्षरशः चाळणाऱ्या आम्हांस स्वतःच्या घराचा दस्त वाचण्याचे सुचले नव्हते.

ही फजिती अशा ठिकाणी व्हावी, याचे विशेष वाटते. पोर्तुगिजांनी १७८३ साली नगरहवेली ताब्यात घेतली. येथील रानांतला साग दमणच्या गोदीस जाई. ‘दों फेर्नांदो दुसरा व ग्लोरिया’ ही ५० तोफांची लढाऊ नौका त्याच सागाची. ती १८४३ साली दमण येथे पाण्यात लोटली गेली व १८४५ साली लिस्बनकडे निघाली. १९६३ साली आगीत ती होरपळली. पुढे दुरुस्त होऊन आज लिस्बनसमोरच्या तीरावर उभी आहे. सागात अंगचे तेल असते, म्हणून पाणी आणि वाळवी त्यास सहजी बाधत नाहीत.

वारली घरांतून मात्र भिंत असे ती कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा गिलावा. चुलीमागचा भाग काळवंडला की सारवून पुन्हा नवा करावयाचा. धुराने छपराचे बांबू वाळत व किडीपासून वाचत. ही भिंत टिकाऊ नव्हती. परंतु दुरुस्ती घरच्या बाईच्या हाती होती. आपल्या जुन्या घरांतही हाच विवेक दिसतो: मोरीशी दगड, धान्याशी लाकूड, आणि पाणी व लाकूड यांची गाठ पडू द्यावयाची नाही. देवाच्या नैवेद्याचे स्वयंपाकघर रोज धुतले जाई, तेव्हा त्यास धुणे सोसणारेच सामान हवे.

परदेशांतील नवे स्वयंपाकघरही याच विवेकातून जन्मले. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. त्यात पिठाचे खण ओक लाकडाचे केले, कारण त्यातील तुरट द्रव्याने कीड दूर राहते. प्रत्येक वस्तूस तिच्या कामाप्रमाणे सामान, हे त्यामागील सूत्र. आपल्याकडे आले ते त्याचे रूप. सूत्र वाटेतच राहिले.

आता आम्ही शहाणपण शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. मोरीखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावाव्यात. प्लायवूडच घ्यावयाचे तर आय. एस. ७१० चा मरीन प्रकार घ्यावा. त्यातील फिनॉल जातीचा डिंक पाण्यास दाद देत नाही, स्वस्त प्लायमधील यूरिया जातीचा देतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत, कारण ओल शिरते ती तेथूनच. ओट्यास ग्रॅनाइट बरा. संगमरवर व कडप्पा यांवर लिंबू, चिंच, कोकम यांचा आंबटपणा डाग पाडतो. शेगडीमागील भिंतीस मोरबीच्या झिलईदार लाद्या उत्तम. तेल लादीत मुरत नाही, सांध्यांत मुरते. म्हणून सांधे बारीक ठेवावेत व साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सीने भरावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे: सामानाचा प्रकार, मानक व जाडी करारात लिहून घ्यावी, पक्के बिल मागावे. ‘उत्तम प्रतीचे’ हे शब्द न्यायालयात फारसे कामास येत नाहीत.

आमच्या मोरीखाली आता कडप्पा आहे. दारे मात्र सागाची केली, तीही पाडलेल्या एका जुन्या घराच्या तुळयांतून. सुताराने रंधा मारताच त्या लाकडाचा वास घरभर पसरला. दोन पावसाळे गेले. दारे अजून नीट लागतात.