गाविलगडचा गोळा आणि वाशिमचं भवितव्य

अकरावीच्या फिजिक्समधलं एक गणित सगळ्यांनी सोडवलेलं असतं. सपाट जमिनीवर ठराविक अंतर गाठायला गोळा कमीत कमी किती वेगाने सोडावा लागेल? उत्तर सोपं आहे: कोन ४५ अंश, आणि वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले अंतर. १ किलोमीटरसाठी सेकंदाला ९९ मीटर. निशाण ३०० मीटर उंचावर असेल तर? ११५ मीटर. बस्स, एवढाच फरक!

आता १८०३ सालच्या वऱ्हाडात जाऊ. २९ नोव्हेंबरला अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज फौज मेळघाटातल्या गाविलगडाकडे वळली. त्या काळच्या तोफेचा गोळा सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटायचा. म्हणजे वेग हवा त्याच्या तिपटीहून जास्त. मग पायथ्यावरूनच मारा करून मोकळं व्हायचं ना?

पण कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांनी ७ डिसेंबरपासून डोंगरात स्वतः रस्ता करत, बऱ्याच ठिकाणी अवजड तोफा हातांनी ओढत, सुमारे तीस मैलांचा वळसा घेतला आणि १२ तारखेला उत्तरेकडचं पठार गाठलं. कशासाठी?

कारण गणित विचारतं 'पोचेल का?', आणि वेढा विचारतो 'फुटेल का?' ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. ९९ मीटर वेगाने पोचलेल्या गोळ्यापेक्षा ४०० मीटरवाल्याचा दणका सोळापट. शिवाय गणितात हवा नसते. खऱ्या हवेत गोल गोळ्याचा वेग भराभर गळतो, म्हणून तोफ जवळ हवी, मारा सरळ हवा. आणि खिंडार पडल्यावर शिपायांना आत शिरायला सलग जमीनही हवी. ती फक्त उत्तरेला होती.

दक्षिणेकडून वेलस्लीनेही तोफा लावल्या, पण तट फुटला तो उत्तरेचा. १५ तारखेला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वऱ्हाडात तोवर निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आजचा वाशिम जिल्हा याच मुलखातला.

गंमत म्हणजे गाविलगड तहात भोसल्यांना परत मिळाला. गड राहिला, वाशिम गेलं!