कदर कशाला म्हणायची? वऱ्हाडचा कापूस, कोल्हापुरी चप्पल आणि तांड्यावरची काचळी



आजचा विषय फॅशनचा आहे, पण सुरुवात संत्र्यापासून करतो. वरूड-मोर्शीचा कास्तकार बाग जगवतो, झाडाला ताण देतो, आंबिया आणि मृग बहार सांभाळतो. फळ बाहेरच्या बाजारात गेलं की त्याचं नाव होतं नागपुरी संत्रं. भौगोलिक मानांकनसुद्धा नागपूरच्याच नावानं आहे. आपण ते चालवून घेतो, कारण त्या नावाला भाव मिळतो. पण माल कुणाचा, नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा, या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. तेवढं ध्यानात ठेवा.

अलीकडे ‘कल्चरल अप्रोप्रिएशन’ हा शब्द फार ऐकू येतो. साध्या मराठीत सांगायचं तर दुसऱ्याच्या संस्कृतीतली चीज उचलायची आणि आपली म्हणून मिरवायची. त्याच्या उलट ‘अप्रिसिएशन’, म्हणजे कदर. वरवर पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस दुसऱ्याची वस्तू अंगावर घालतो. मग फरक ओळखायचा कसा? त्यासाठी दीडशे वर्षं मागं जाऊ.

१८६६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसनं एक विलक्षण ग्रंथ काढला. जॉन फोर्ब्स वॉटसन हा त्याचा कर्ता. एका संचाचे १८ खंड, आणि त्यात भारतातल्या कापडांचे ७०० नमुने, खरेखुरे तुकडे कापून चिकटवलेले. पागोट्याचं कापड, लुगडं, धोतर, लुंगी, मलमल. असे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यानं नमुना पाहावा, हिंदुस्थानी माणूस काय आणि कसं नेसतो ते समजून घ्यावं आणि तसंच कापड यंत्रावर काढून इकडं विकावं. नमुन्याशेजारी लांबी, रुंदी, वजन, किंमत, गाव यांची नोंद होती. विणकराचं नाव मात्र नव्हतं.

आता पाहा, त्या ग्रंथात आपल्या कापडाचं कौतुक आहे. मनापासूनचं आहे. वॉटसनला आपल्या काठापदरातलं, रंगसंगतीतलं बरंच काही कळत होतं. म्हणजे कौतुक होतं, अभ्यास होता, आणि तरीही त्या अभ्यासाचं टोक विणकराच्या पोटावर होतं.

यात वऱ्हाड कुठं येतं? १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांचं लक्ष आपल्या काळ्या जमिनीवर आलं. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला अमरावतीवरून ‘ऊमरावती’ म्हणत. म्हणजे आपलं नाव सातासमुद्रापार गेलं, पण कच्च्या मालावर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नाक यानं तर अहवालात आशा लिहून ठेवली की रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागं पडेल आणि सूत काढणारे, विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. आपल्याच कापसाचं, आपल्याच नमुन्याचं कापड आपल्यालाच विकलं गेलं.

आता एकदम २०२५ मध्ये या. २२ जून, इटलीतलं मिलान शहर. प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल चालले, पायात हुबेहूब कोल्हापुरी. वर्णन काय, तर चामड्याची सँडल. ना कोल्हापूरचं नाव, ना कारागिराचं. महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हा कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांसाठी. पण ते संरक्षण भारतापुरतं, आणि मुख्यतः नावाचं. मिलानमध्ये तर नावच घेतलं नव्हतं! मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली; मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी स्वतः यावं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. डिसेंबरमध्ये प्राडानं लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २,००० जोड भारतात बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो.

वॉटसनच्या ग्रंथात नाव नव्हतं, काम नव्हतं, पैसा नव्हता. या करारात नाव आलं, काम आलं. ८०० युरोतले कारागिराच्या हातात किती पडतात, हा प्रश्न विचारत राहायला हवा. पण दिशा बदलली, हे मान्य करू. कदर ओळखायची ती अशी: नाव घेतलं का, दाम दिला का, आणि करणाऱ्याला पुढचं काम मिळालं का.

आता जरा अवघड बोलतो. प्राडावर रागावताना आपण सगळे म्हणालो, “कोल्हापुरी आपली.” आपली म्हणजे कुणाची? जे चामडं कमावतात, शिवतात, त्या ढोर आणि चर्मकार समाजाला गावानं पिढ्यान्‌पिढ्या कुठं बसवलं होतं? चप्पल पायात घातली आणि करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. आपण प्राडाला विचारतो, ते प्रश्न आधी आपल्याला लागू होतात.

आणि हे फक्त कोल्हापूरचं नाही. आपल्या वऱ्हाडात बंजारा समाजाचे तांडे आहेत, पोहरादेवी आहे. रेल्वे येण्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, तो याच लोकांच्या लदेणीनं. रेल्वेनं विणकराचा माग बंद पाडला, तसा यांचा व्यापारही बुडवला. पुढं या समाजाच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का आला. आज महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोजला जातो. त्यांच्या बायांची फेटिया, आरसे आणि कवड्यांनी भरलेली काचळी, हे हाताचं, महिनोन्‌महिन्यांचं काम. नवरात्र आलं, कॉलेजचं गॅदरिंग आलं की बाजारात ‘बंजारा स्टाइल’ म्हणून यंत्रावरचा माल लटकतो आणि आपल्या मुली हौसेनं घालतात. तोच वेश तांड्यावरच्या म्हातारीच्या अंगावर दिसला की बसमध्ये बाजूला सरकणारे लोक आहेत.

मुलींनी घालू नये, असं मी म्हणत नाही. घेणं-देणं थांबलं तर संस्कृती सुकते. संत्रं तरी मूळचं कुठं वऱ्हाडातलं आहे? बाहेरून आलं, इथल्या काळ्या मातीत रुजलं. मी एवढंच म्हणतो की हौस असेल तर वरूडहून तांडा लांब नाही. तिथं जा, जिनं काचळी भरली तिला नाव विचारा, ती सांगेल तो दाम द्या, घासाघीस करू नका, आणि पुढच्या वर्षाची ऑर्डर आजच द्या. तिच्या सुनेला सुई धरावीशी वाटली, तर आपण कदर केली.

आता प्रश्न विचारा.