हिपॅटायटिस बी, दीर्घकालीन : गोळ्यांचा कालावधी

दीर्घकालीन हिपॅटायटिस बीच्या गोळ्या किती काळ घ्यायच्या, हे विषाणू कुठे दडून बसतो यावर ठरते. यकृतपेशीच्या केंद्रकात त्याच्या डीएनएचे बंद वर्तुळ वर्षानुवर्षे टिकते. एन्टेकाविर आणि टेनोफोविर या गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती होऊ देत नाहीत. त्या वर्तुळापर्यंत मात्र त्यांची मात्रा चालत नाही. म्हणून ‘विषाणू आढळला नाही’ हा अहवाल बरे झाल्याचा दाखला नव्हे. गोळी विषाणूला दाबून ठेवते आहे, एवढेच त्यातून कळते.

औषध थांबवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे रक्तातील एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, नाहीसे होणे. गोळ्यांवर असे वर्षाला शंभरांत जेमतेम एखाद्याच्या बाबतीत घडते. एचबीईएजी हे विषाणूचे दुसरे प्रथिन रक्तात असलेल्या रुग्णात ते जाऊन त्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली व विषाणू सापडेनासा झाला, तर त्यानंतर किमान १२ महिने औषध चालू ठेवून मग थांबवण्याचा विचार करता येतो. एचबीईएजी मुळातच नसलेल्यांचे उपचार सहसा बेमुदत चालतात. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये यातल्या निवडक रुग्णांना औषध थांबवण्याची वाट मोकळी केली : सिऱ्हॉसिस (यकृतात व्रण साचून ते कठीण होणे) नसावा, विषाणू किमान ३ वर्षे दबलेला असावा आणि पुढच्या तपासण्या नक्की होतील अशी खात्री असावी. तैवानमध्ये आरोग्य विम्याने औषधाचा खर्च ठरावीक काळापुरताच दिल्यामुळे अनेकांचे औषध थांबले. औषध थांबवल्यावर काय होते, याविषयीची बरीच माहिती तिथूनच मिळाली.

सिऱ्हॉसिस झालेल्यांनी औषध सहसा आयुष्यभर घ्यावे. औषध बंद केल्यावर विषाणू उसळून यकृताला सूज आली, तर आधीच जीर्ण झालेले यकृत ती सोसू शकत नाही. कावीळ, जलोदर आणि मृत्यूही ओढवू शकतो. टेनोफोविरनंतर ही उसळी बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येते, एन्टेकाविरनंतर उशिरा. त्यामुळे औषध थांबवल्यावरचे पहिले वर्ष वारंवार रक्ततपासणीचे असते. टेनोफोविर एचआयव्हीवरही चालते; म्हणून एचआयव्हीही असलेल्यांचे एचआयव्हीचे औषध बदलताना ते नकळत गळणार नाही, हे पाहणे डॉक्टरांचे काम आहे.

गोळ्यांऐवजी काहींना दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांची मुदत मात्र ठरलेली असते : ४८ आठवडे.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. बरे वाटते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून कोणीही परस्पर गोळी बंद करू नये. त्याआधी जिल्ह्यातील उपचार केंद्र गाठावे.